शिकारबंदी वेगळी, शिसेबंदी वेगळी

परवा सकाळी रंकाळ्यावर कट्ट्यावर बसलेलो, अमेरिकेत काही ठिकाणी शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आलीय असा विषय निघाला आणि एकानं लगेच निकाल लावला, "त्यात काय एवढं, आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद आहे, त्यांना आत्ता जाग आली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं धड सांगता आलं नाही म्हणून लिहितोय, कारण ही गल्लत मी लई जणांकडनं ऐकलीय आणि यात खरंच दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या जातात.

शिकारबंदी म्हणजे जनावरावर बंदूक उचलायचीच नाही. शिसेबंदी म्हणजे लायसन काढ, सीझनमध्ये रीतसर शिकार कर, पण काडतुसात शिसं नको, तांब्याची गोळी घाल नाहीतर स्टीलचे छर्रे घाल. म्हणजे पहिल्यात प्रश्न मारायचं का नाही हा, आणि दुसऱ्यात मारल्यावर मागं काय पडून राहतं हा.

घोळ होतो तो 'अभयारण्य' या शब्दामुळं. तिकडच्या वाइल्डलाइफ रेफ्यूजला, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या सरकारी जागेला, आपण सरळ अभयारण्य म्हणून मोकळं होतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर दाजीपूर उभं राहतं. दाजीपूरचं जंगल एकेकाळी कोल्हापूरच्या राजघराण्याचं शिकारीचं रान, 1958 ला गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढं 1985 ला वाढवून राधानगरी अभयारण्य, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथं शिकार तर सोडाच, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत पाऊल टाकता येत नाही, त्याच 1972 च्या कायद्याचं कलम 31. आणि ज्यांच्याकडं बंदुकीचं लायसन आहे त्यांनी, हद्दीपासनं 10 किलोमीटरच्या आत राहत असतील तर, नाव नोंदवायचं असतं, कलम 34. अमेरिकेत मात्र कितीतरी रेफ्यूजमध्ये बदकांची, हरणांची शिकार कायदेशीर चालते, उलट बदकं मारणाऱ्याला 1934 पासनं एक स्टँप विकत घ्यावा लागतो आणि त्याच पैशातनं पाणथळ जागा राखल्या जातात. आपल्याला हे पचायला जड जातं, पण तिथली घडीच तशी आहे, त्यामुळं तिथं भांडण बंदुकीवर नसून गोळीवर आहे.

आता शिशानं एवढं होतं काय? गावठी कोंबडी घरी साफ केलेल्यांना माहीत असेल, आत एक जाड, कडक पिशवी निघते, ती चिरली की बारीक खडे बाहेर पडतात. पाखराला दात नसतात, दाणा दळायला ते खडे लागतात. बदकाचंही तसंच, तळ्याच्या तळाचे खडे वेचताना छर्रा दिसला की तोही गिळतं, मग तो आत घासून घासून झिजतो, शिसं रक्तात उतरतं आणि पंख लुळे पडून पाखरू मरतं, त्याला कोणी गोळी घातलेली नसतानासुद्धा. म्हणून अमेरिकेनं 1991 पर्यंत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले, आणि युरोपियन युनियननं फेब्रुवारी 2023 पासनं पाणथळ जागांत आणि त्यांच्या 100 मीटरच्या आत.

रायफलीच्या गोळीचं वेगळंच. शिशाची गोळी हाडाला लागली की तिचे कण मांसात लांबवर पसरतात, एक्सरे काढला की पांढरे ठिपके ठिपके दिसतात. शिकारी हरीण तिथंच सोलतो, आतडी टाकून जातो, आणि ती खायला येतात गिधाडं. कॅलिफोर्नियातलं काँडोर नावाचं गिधाड 1982 ला फक्त 22 उरलेलं, पिंजऱ्यात पैदास करून परत सोडलं तरी शिशानं मरतच राहिलं, शेवटी त्या राज्यानं 1 जुलै 2019 पासनं सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. शिकार चालूच आहे बरं का तिथं.

हे सगळीकडं टिकलंय असंही नाही. अमेरिकेत 19 जानेवारी 2017 ला, सरकार बदलायच्या आदल्या दिवशी, रेफ्यूजमधलं शिसं टप्प्याटप्प्यानं बंद करायचा हुकूम निघाला आणि 2 मार्चला नव्या मंत्र्यांनी तो रद्दही केला. शिकाऱ्यांची तक्रार अगदीच खोटी नाही, स्टील हलकं पडतं, शिसं पाण्याच्या 11.3 पट जड तर स्टील साधारण 7.8 पट, म्हणून छर्रा मोठा घ्यावा लागतो आणि जवळनं मारावं लागतं. पण डेन्मार्कनं 1996 लाच शिशाचे छर्रे बंद केले आणि तिथले लोक अजून शिकार करतातच की.

मग "आपल्याकडं शिकारच बंद, आपल्याला शिशाचं काय" हे बरोबर का? मला नाही पटत. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी कलम 11 खाली मिळू शकते, आणि ती गोळी कशाची असावी यावर कायद्यात एक शब्द नाही. अभयारण्यात जनावरांना अपायकारक पदार्थ वापरू नयेत असं कलम 32 सांगतं, ओढूनताणून शिसं त्यात बसवता येईल, पण नाव घेऊन लिहिलेलं नाही. आणि चोरून ठासणीच्या बंदुकीनं मारणारा काय कायदा वाचून बार काढत नाही. जखमी डुक्कर झाडीत जाऊन मरतं, पोटात शिसं तसंच, आणि त्याच्यावर बसतात आपलेच गरुड, आपलीच गिधाडं. शिकारबंदी आहे ती पाहिजेच, तिच्यात मी एक टक्का सूट मागत नाही, पण ती शिशाचं काम करत नाही.

शिवाय शिसं नुसतं बंदुकीतनंच येत नाही. इंग्लंडात मासे धरायच्या गळाला लावायच्या शिशाच्या वजनांनी राजहंस मरायला लागले म्हणून 1987 ला त्यातली बहुतेक वजनं बंद झाली. त्या दिवशी कट्ट्यावरनं उठून निघालो तर पलीकडं एकजण जाळं वाळत घालत होता, कडेला ओळीनं ओवलेले शिशाचे मणी, बोरीच्या बीएवढे, आणि मधनंच कितीतरी जागा मोकळ्या. विचारलं तर म्हणाला, "पडत्यात की पाण्यात, परत ओतून लावायचं."