पानशेतनंतरचं पुणं

पुण्यात जुनी माणसं काळाची मोजणी ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ अशी करतात. 12 जुलै 1961 च्या सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. काम पुरतं संपलेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं होतं. पाणी बाहेर सोडायच्या मोरीवरचा भराव खचायला लागला, तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांनी थोपवून धरलेल्या त्या तासांमुळेच लोंढा पुण्यात रात्री न येता दिवसाउजेडी आला. किती जीव त्यामुळे वाचले असतील! पुढे दुपारी खडकवासल्याचं जुनं धरणही फुटलं.

पाणी ओसरू लागलं, तसे वाडे पडायला लागले. पेठांमधल्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. त्या पाणी पिऊन फुगल्या आणि आधार सुटताच बसल्या. वाडा पडला तरी मालकाची जागा तरी शिल्लक राहत होती. दोन खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूचं मात्र सगळंच गेलं. त्यामुळे नुसती भांडी, धान्य आणि घोंगड्या वाटून भागणार नव्हतं. राहायचं कुठे, हा खरा प्रश्न होता.

महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचं होतं. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे यांच्यावर टाकली. बर्वे आधी पुण्याचे आयुक्त होते, शहराच्या गल्लीबोळांची त्यांना माहिती होती. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते, कारण अशा वेळी गाव ओळखणारा माणूस लागतो. धरणं फुटल्यामुळे भर पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओरड झाली, तेव्हा जुन्या विहिरी आणि पेशवेकालीन हौद पुन्हा कामी आले.

मग शहर बाहेर सरकलं. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर ही नावं आज शहराच्या पोटात आहेत. त्यातला बराचसा भाग तेव्हा गावाबाहेरचा माळ होता. गोखलेनगरला निसेन हट उभ्या राहिल्या. पिंप उभं चिरून पालथं घालावं, तशी ही अर्धगोल घरं. भिंत आणि छप्पर एकच, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही, देवाची तसबीर टांगली तर ती पुढे लोंबते. नदीकाठच्या वाड्यात चौकाभोवती दहा बिऱ्हाडं नांदलेली, एकीने हाक मारली की दुसरीने ओ द्यायची. इथे प्रत्येकाचं दार वेगळं. बाजार आणि कामाची जागा पेठेतच राहिलेली, म्हणून रोजची पायपीट वाढली. तरी लोकांनी झाडं लावली, सोसायट्या काढल्या आणि गणपती बसवले.

धरण का फुटलं याची चौकशी मात्र रखडली. न्यायमूर्ती बावडेकरांचा चौकशी सुरू असतानाच दुर्दैवी अंत झाला आणि ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. पानशेतचं धरण पुढे नव्याने बांधलं गेलं, खडकवासल्याचंही झालं. पूरग्रस्तांच्या पायाखालची जमीन मात्र कित्येक वर्षं सरकारचीच राहिली. ती आपल्या नावावर व्हावी म्हणून अर्ज करता करता त्यांची नातवंडं मोठी झाली.