हुमणीसाठी सूत्रकृमी : पाकीट फोडण्याआधी एवढं वाचा

सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे बारीक जंत, म्हटलं की निम्मे शेतकरी दचकतात. मुळांवर गाठी करणारा तोच ना हा? तो नव्हे. गाठी करणारा पिकावर जगतो. आमच्या पाकिटातला हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका किडींवर जगतो, उसाच्या मुळाला तोंडही लावत नाही. मूळचा आपल्याकडचाच आहे. कोइमतूरला उसाचा शेंडा पोखरणाऱ्या किडीत तो सापडला आणि १९९२ साली त्याचं बारसं झालं.

लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मातीतल्या ओलाव्यातून सरकत तो हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची पांढरी अळी, गाठतो, तिच्या अंगात शिरतो आणि पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. साधारण दोन दिवसांत हुमणी मरते. आठवड्याने उसाचा बुडखा उकरून पाहा : मेलेली अळी विटकरी लाल दिसते आणि तिला सडका वास येत नाही. काळी पडून घाण वास मारणारी अळी दुसऱ्या कशाने तरी मेली. तिचं श्रेय आम्ही घेत नाही.

आम्ही हे सूत्रकृमी मेणकिड्याच्या अळ्यांवर वाढवतो. मधमाश्या पाळणाऱ्यांचा हा वैरी, आमचा मात्र पोशिंदा. भरडा, कोंडा आणि मध खाऊन अळ्या गुबगुबीत झाल्या की ओल्या कागदावर त्यांना सूत्रकृमींची लागण करतो. दहा-बारा दिवसांनी एकेका अळीतून लाखाच्या वर पिल्लं पाण्यात उतरतात. हे काम विरजणासारखं आहे, घाई केली की बिघडतं. म्हणून मागणी आधी कळवा.

मात्रा एकरी १०० कोटी सूत्रकृमी, जुलै-ऑगस्टमध्ये, अळ्या लहान असताना. मोठी झालेली हुमणी सहजी दाद देत नाही. आळवणी (पाण्यात कालवून उसाच्या बुडाशी ओतणं) संध्याकाळीच करा, कारण उन्हात हे जीव तग धरत नाहीत. आधी पाणी द्या, नंतर आठवडाभर ओल टिकवा. नोझलमधली बारीक जाळी काढा. कीटकनाशकाचा पंप न धुता वापरलात तर पैसे पाण्यात. भारी काळ्या रानात गुण थोडा कमी येतो, हेही आधीच सांगून ठेवतो. आणि वळिवानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे याने मरत नाहीत. ते रात्री फांद्या हलवून गोळा करावेच लागतात.

पाकीट सावलीत, गार जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको. वापरण्याआधी चिमूटभर पावडर कोमट नव्हे, साध्या पाण्यात कालवा, थोडा वेळ थांबा आणि एक थेंब भिंगाखाली बघा. वळवळणारे जिवंत, काडीसारखे ताठ पडलेले मेलेले. बहुतेक ताठ दिसले तर पाकीट परत आणा, बदलून देऊ.