चिमणी पुसणारा चोर की साव?

१५ जून २०२३ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. होटगी रोडच्या विमानतळाला आडवी येते म्हणून वर्षानुवर्षं गाजलेली ती चिमणी बघता बघता खाली बसली आणि तिचे व्हिडिओ सोलापुरात घरोघरी फिरले. आता समजा, त्याच आठवड्यात कुणी ओपनस्ट्रीटमॅप उघडला, चिमणीचा ठिपका निवडला आणि पुसून टाकला. खातं कालच काढलेलं, आयुष्यातला पहिलाच बदल, शेऱ्याची जागा कोरी. दूर जर्मनीत बसून बदल तपासणाऱ्याला काय दिसणार? नवखा गडी, आला तो थेट पुसायलाच लागला! लक्षणं सगळी चोराची, आणि माणूस मात्र साव.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. स्टीव्ह कोस्ट यांनी तो २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केला. इथे कुणीही खातं काढतो आणि बदल करतो; तो आधी कुणाकडून मंजूर करून घ्यावा लागत नाही. तपासणी होते ती नंतर. ऐकायला हे भलतंच भाबडं वाटतं, पण त्यामागे एक जुनी व्यापारी युक्ती आहे. पेढीवरच्या चोपडीत खोडरबर चालत नाही; नोंद चुकली तर ती खोडायची नाही, खाली उलटी नोंद टाकायची. नकाशाचंही तसंच. दुकान म्हणजे एक ठिपका, रस्ता म्हणजे ठिपक्यांची माळ, आणि प्रत्येकाला नाव-प्रकार सांगणाऱ्या चिठ्ठ्या. कशालाही हात लावला की त्याची पुढची आवृत्ती तयार होते, जुनी आत शाबूत राहते. एकाने एका बैठकीत केलेले बदल एका गाठोड्यात बांधलेले असतात, त्यामुळे खोडी सापडली की अख्खं गाठोडं उलटवता येतं. खोडी काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून ती निस्तरायला कमी लागला, की खोडकराचा उत्साह आपोआप मावळतो. अडचण येते ती उशीर झाल्यावर. मधल्या काळात त्याच रस्त्यावर दुसऱ्या कुणी प्रामाणिक काम केलेलं असेल, तर आधीचं उलटवताना तेही उसवतं.

नकाशा बिघडवणारे सगळे दुष्ट नसतात, हे आधीच सांगितलेलं बरं. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांश आणि ७५.९ पूर्व रेखांशावर आहे. दोन आकडे उलटे टाकले की तुमचं दुकान थेट स्वालबार्डच्या दक्षिणेला, आर्क्टिकच्या गारठ्यात जाऊन पडतं. मे महिन्यात ही चूक करावीशी वाटली तर नवल नाही. कुणी गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचा आकाशपाळणा कायमची इमारत म्हणून काढतो. कुणाचं बोट घसरतं, रस्त्यातला एक ठिपका ओढला जातो आणि सात रस्ता चौकातून निघालेली रेघ तळ्यात डुबकी मारून परत येते. २०१७च्या अखेरीस पोकेमॉन गो हा खेळ याच नकाशाचा आधार घेऊ लागला, तेव्हा खेळाडूंनी आपल्या दारात खोट्या बागा उगवल्या, कारण बागेत पोकेमॉन जास्त भेटतात.

खरा वैताग जाहिरातवाल्यांचा. हा रोग सगळ्याच नकाशांना आहे. मागे आमचा फ्रिज बंद पडला तेव्हा मी मोबाईलवरच्या एका नकाशात जवळचा दुरुस्तीवाला शोधला. ठिपक्याचं नावच ओळभर लांब: ‘फ्रिज एसी वॉशिंग मशीन दुरुस्ती २४ तास घरपोच सोलापूर नंबर वन’. त्या जागी गेलो तर एका मंगल कार्यालयाची मागची भिंत आणि पत्रावळ्यांचा ढीग. फोन लावला तर पलीकडचा माणूस मलाच विचारतो, सोलापुरात नेमकं कुठं? असे ठिपके चौकाचौकात पेरायचे, म्हणजे कुणीही कुठूनही शोधलं तरी आपणच ‘जवळचे’. गूगलने २०१९मध्ये सांगितलं होतं, की आदल्या वर्षी ३० लाखांहून जास्त बनावट व्यवसाय त्यांनी आपल्या नकाशावरून काढले.

हे यंत्राने पकडता येईल की! एकच फोन नंबर आणि दहा पत्ते दिसले, की घंटा वाजव. पण चाटी गल्लीत दुकान, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना आणि दोन्हीकडे मालकाचा एकच मोबाईल, असे चादरवाले इथे कितीतरी. घंटा त्यांच्याही नावाने वाजणार.

इथे थोडं गणित करू. समजा हजार बदलांपैकी दहा खोडसाळ आहेत. यंत्र हुशार आहे, दहापैकी नऊ पकडतं. चांगल्या बदलांवर ते शंभरात पाचच वेळा चुकून संशय घेतं. म्हणजे ९९० चांगल्यांपैकी जवळपास ५० जण विनाकारण संशयित. एकूण संशयित ५९, त्यातले गुन्हेगार ९. यंत्र बिनचूक वाटावं इतकं चांगलं, तरी पकडलेल्या दर सहांपैकी पाच जण निर्दोष! खोडी दुर्मिळ असते म्हणून हे असं होतं. म्हणूनच ओपनस्ट्रीटमॅपवरचे बदल तपासणारं ‘ओएसएम-चा’ (OSMCha) नावाचं साधन संशयास्पद गाठोडी नुसती वेगळी काढून दाखवतं. एकदम खूप पुसलं, फार मोठ्या भागात हात घातला, खातं नवं आहे, अशा खुणांवरून. निवाडा माणूस करतो. नव्या खात्याने तासाला किती बदल करावेत यावर आता मर्यादाही आहे. भांडण अगदीच पेटलं तर डेटा वर्किंग ग्रुप हा स्वयंसेवकांचा गट खातं गोठवू शकतो.

नावांच्या बाबतीत तर यंत्र हमखास फसतं. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं म्हणजे वाह्यातपणा, असं त्याला वाटणार. पण २०२३मध्ये आपल्या शेजारचं उस्मानाबाद खरोखरच धाराशिव झालं. जुनं नाव फेकून न देता वेगळ्या चिठ्ठीवर ठेवतात, तसंच मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू नावांनाही स्वतंत्र चिठ्ठ्या असतात. सोलापूरसारख्या गावात ही सोय नसती तर रोज हाणामारी झाली असती.

दुरुस्ती झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. ऑगस्ट २०१८मध्ये कुणीतरी न्यूयॉर्कच्या जागी ज्यूद्वेष्टा शब्द लिहिला. मूळ नकाशात तो काही तासांतच निघाला. पण मॅपबॉक्स कंपनीने त्यावरून घेतलेल्या प्रतीतून तो त्या महिन्याच्या शेवटी स्नॅपचॅटच्या नकाशावर झळकला.

आता आपल्या चिमणी पुसणाऱ्याकडे वळू. त्याचं काम खरं होतं, तरी पद्धत थोडी चुकली. नकाशाखालची उपग्रहचित्रं बरेचदा जुनी असतात. परगावचा कुणी मन लावून काम करणारा अशा चित्रात चिमणीची लांब सावली बघणार, नकाशात चिमणी नाही म्हणून हळहळणार आणि इमानदारीने ती परत उभी करणार. त्यामुळे जाणकार ठिपका पुसत नाहीत. तो तिथेच ठेवून त्याच्या चिठ्ठीवर ‘पाडलेली’ असं लिहितात, पुढे तारीख टाकतात. असा ठिपका नकाशा नुसता बघणाऱ्याला दिसत नाही. बदल करायला आत शिरणाऱ्याला तेवढा दिसतो.