दाराखालून दिसलेले पाय : ग्रीक कथांची इजिप्शियन वाट

संध्याकाळी गुरं घेऊन परतलेल्या बटाला गोठ्यात शिरणारी पहिली गाय सांगते, तुझा भाऊ भाला घेऊन दाराआड उभा आहे. बटा वाकून पाहतो, तर दाराखालून थोरल्या अनूबिसचे पाय दिसतात. वहिनीने बटाकडे नको ती मागणी केली होती आणि त्याने झिडकारताच उलट त्याच्यावरच आळ घेतला होता. इजिप्तमधली ही 'दोन भावांची कथा' इ. स. पू. १२००च्या सुमारास एनाना नावाच्या लेखनिकाने पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, उतरवली. ती प्रत आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यानंतर चारेक शतकांनी रचलेल्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या सहाव्या सर्गात राणी अँटिया बेलेरोफोन या वीरावर असाच आळ घेते.

मग ग्रीकांनी ही कथा इजिप्तकडून घेतली का? ग्रीक देवांची बहुतेक नावं इजिप्तमधून आली, असं खुद्द ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेच लिहून ठेवलंय. पण फ्रेंच अभ्यासक शाम्पोलियोंने १८२२मध्ये चित्रलिपीची उकल करेपर्यंत इजिप्तची बाजू त्यांच्याच लेखनातून वाचायची सोय नव्हती. १९८७मध्ये ग्रीक संस्कृतीची मुळं इजिप्त आणि पश्चिम आशियात शोधणाऱ्या मार्टिन बर्नालच्या 'ब्लॅक अथेना' या पुस्तकाने हा वाद पुन्हा पेटवला आणि अभ्यासकांनी त्याच्या पुराव्यांवर कडक टीका केली. मलाही नुसतं साम्य पुरेसं वाटत नाही. असा आळ बायबलमधल्या योसेफवरही येतो. कथा कुठून कुठे गेली हे सांगायचं, तर माणसं कुठे भेटत होती ते आधी दाखवायला हवं.

तशी एक जागा होती. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं नॉक्रॅटिस. इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीपासून ग्रीक व्यापारी तिथे राहत होते. तिथल्या रोडोपिस या प्रसिद्ध गणिकेबद्दल हिरोडोटस सांगतो, की ती आणि इसाप पूर्वी एकाच मालकाचे गुलाम होते.

त्याच इसापाच्या नावावर असलेली सिंह-उंदराची गोष्ट नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या एका इजिप्शियन पपायरसवरही आहे. पपायरस इ. स. दुसऱ्या शतकातला, म्हणजे इसापानंतर कितीतरी शतकांचा. त्यामुळे गोष्ट मुळात कोणाची, हे त्यावरून ठरत नाही. पण ती ज्या ग्रंथात येते, त्या 'सूर्यनेत्राच्या कथे'चं ग्रीक भाषांतरही सापडलं आहे. म्हणजे इजिप्शियन ग्रंथ ग्रीकमध्ये खरोखर नेले जात होते. लायडनच्या पपायरसवर उंदीर चामड्याचे बंद कुरतडून सिंहाला सोडवतो, त्याच्या आयाळीत शिरतो आणि दोघे डोंगराकडे निघून जातात.