रंगाखाली लपलेली टोपी

एप्रिल १९९७. इटली आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या व्हेंतिमिल्या गावात पोलिसांनी एक पार्सल उघडलं. पत्ता होता ट्युनिशियात राहणाऱ्या इटलीच्या एका माजी पंतप्रधानांचा. आत ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टचं ‘एका स्त्रीचं पोर्ट्रेट’ होतं. निदान दिसायला तरी तेच. उत्तर इटलीतल्या पियाचेन्झा शहराच्या रिच्ची ओद्दी गॅलरीतून हे चित्र त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला चोरीला गेलं होतं आणि त्याची रिकामी फ्रेम गॅलरीच्या छपरावर मिळाली होती. पार्सलमधलं चित्र मात्र नक्कल निघालं.

डोळ्यांना दिसणारं चित्र हुबेहूब उतरवणारे कलाकार जगात कमी नाहीत. पण या चित्रात न दिसणारंही एक चित्र होतं, आणि चोरीच्या जेमतेम वर्षभर आधीच त्याचा शोध लागला होता.

त्याआधी मालकी कोणाची, ते पाहू. क्लिम्टने हे चित्र १९१६-१७ च्या सुमारास रंगवलं आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये व्हिएन्नात तो वारला. १९२५ मध्ये जुझेप्पे रिच्ची ओद्दी या पियाचेन्झाच्या धनिक संग्राहकाने ते विकत घेतलं. त्याने आपला संग्रह शहराला दिला, त्यासाठी बांधलेली गॅलरी १९३१ मध्ये उघडली, आणि चित्र तिथे टांगलं गेलं. बस, एवढंच. क्लिम्टच्याच आडेले ब्लोख-बाउअरच्या सोनेरी पोर्ट्रेटशी तुलना करा: नाझींनी लुबाडलं, ऑस्ट्रियाच्या सरकारी संग्रहालयात गेलं, वारसांना ते परत मिळायला २००६ साल उजाडलं. त्यामानाने आपल्या चित्राची फाइल अगदीच नीरस होती.

१९९६ मध्ये एका तरुण विद्यार्थिनीला ही स्त्री ओळखीची वाटली. क्लिम्टचं आणखी एक पोर्ट्रेट होतं, एका तरुणीचं. कित्येक दशकं ते कुणीच पाहिलेलं नव्हतं, मागे उरला होता फक्त एक कृष्णधवल फोटो. त्यातल्या तरुणीच्या डोक्यावर मोठी टोपी आणि अंगावर स्कार्फ. पियाचेन्झाच्या स्त्रीकडे टोपी नाही, स्कार्फ नाही, कपडेही वेगळे. पण मानेचा झोक तोच, खांद्यावरून पाहणारी नजर तीच, गालावरचा तीळसुद्धा तोच. चित्राचा एक्स-रे काढला, आणि रंगाखाली ती टोपी दिसली. हरवलेलं म्हणून ज्या चित्राची नोंद होती, ते इतकी वर्षं गॅलरीच्या भिंतीवरच होतं!

एक्स-रेला हे कसं कळतं? जड मूलद्रव्यं क्ष-किरण जास्त शोषतात. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून फिल्मवर हाड पांढरं उमटतं. शिसं तर त्याहून कितीतरी जड. जुन्या तैलरंगांतला पांढरा बहुतेकदा शिशापासून केलेला असे, आणि उजळ छटांसाठी तो सढळ हाताने वापरला जाई. त्यामुळे वरून दुसरा रंग चढवला तरी खालच्या शिशाची सावली फिल्मवर पडतेच. गंमत अशी की क्ष-किरणांना वरचं आणि खालचं यांतला फरक समजत नाही. दोन्ही चित्रं, कॅनव्हासची वीण, मागच्या चौकटीचे खिळे असं सगळं एकावर एक उमटतं. काय शोधायचं हे माहीत नसेल तर तो नुसता गोंधळ दिसतो. इथे जुना फोटो हाताशी होता.

या शोधाला लगेच एक प्रेमकथा चिकटली: ती तरुणी क्लिम्टची प्रेयसी होती, ती अकाली गेली, आणि दुःखाने त्याने तिचं रूप झाकून टाकलं. मला ही कथा फारशी पटत नाही. टोपी खोडली गेली एवढं एक्स-रे सांगतो, का खोडली ते सांगत नाही. न विकलं गेलेलं चित्र नव्या फॅशनप्रमाणे बदलून घेणं हे कारणही पुरेसं असू शकतं.

१० डिसेंबर २०१९ रोजी गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीवरची आयव्हीची वेल साफ करताना माळ्यांना एक लहानसं धातूचं झाकण दिसलं. आतल्या पोकळीत पिशवी, आणि पिशवीत चित्र. व्हेंतिमिल्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे ते अस्सल असल्याचं कुणी घाईने जाहीर केलं नाही. तज्ज्ञांनी ते इन्फ्रारेड आणि अतिनील प्रकाशात तपासलं. इन्फ्रारेड किरण रंगाच्या अनेक थरांतून आरपार जातात, पण कोळशासारख्या कार्बनच्या रेषा ते शोषून घेतात, म्हणून खालचं रेखाटन दिसू शकतं. अतिनील प्रकाशात जुनं वॉर्निश फिकट हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी काळपट उठून दिसते. या प्रतिमा १९९६ च्या तपासणीशी ताडून पाहिल्या. त्या जुळल्या. १७ जानेवारी २०२० रोजी चित्र अस्सल असल्याचं जाहीर झालं.

म्हणजे निव्वळ कुतूहलापोटी केलेली तपासणी तेवीस वर्षांनी ओळखपत्र म्हणून कामी आली. चोरी जर दोन वर्षं आधी झाली असती, तर ताडून पाहायला तेव्हाची ही तपासणी नसतीच.

नोव्हेंबर २०२० मध्ये चित्र पुन्हा गॅलरीत लागलं. पुढच्या वर्षी ते रोमला पालाझ्झो ब्रास्कीतल्या क्लिम्ट प्रदर्शनात गेलं आणि २०२२ मध्ये परत आपल्या शहरात आलं.

मधल्या बावीस वर्षांचा हिशेब मात्र लागत नाही. बाहेरच्या भिंतीत पावसाळी दमट हवा, उन्हाळ्यातली तापलेली वीट, हिवाळ्यातला गारठा. अशा ठिकाणी कॅनव्हास आखडतो आणि सैलावतो, बुरशी धरते, रंगाचे पापुद्रे सुटतात. तपासणाऱ्यांना मात्र चित्र बऱ्यापैकी चांगल्या अवस्थेत आढळलं, नेहमीची डागडुजी पुरेल इतपत. ते सगळा काळ तिथेच होतं, यावर विश्वास ठेवणं म्हणूनच जड जातं.