स्थानबद्धता : आश्रयार्थी व स्थलांतरितांची

परवानगीविना देशात शिरलेल्या, मुदत संपूनही राहिलेल्या किंवा आश्रय मागणाऱ्या परकीयाला प्रशासकीय आदेशाने कोंडून ठेवणे. कायद्याच्या भाषेत ही शिक्षा नसते. आतल्या माणसाला भिंती मात्र तुरुंगासारख्याच दिसतात. शिक्षा नसल्यामुळेच तिला काहीतरी हेतू असावा लागतो : ओळख पटवणे, अर्जाची छाननी, पळून जाण्याचा धोका टाळणे किंवा हद्दपारीची तयारी. हेतू उरला नाही की कोंडण्याचा अधिकारही उरत नाही.

1951 च्या निर्वासितविषयक कराराचे कलम 31 सांगते, की जिवाला धोका असलेल्या प्रदेशातून थेट येऊन विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होणाऱ्याला बेकायदा प्रवेशाबद्दल दंड करू नये, आणि त्याच्या हालचालींवर गरजेपुरतीच बंधने घालावीत. नागरी व राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 9 मनमानी अटकेला मनाई करते आणि अटकेची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क देते. नागरिकत्वाची अट त्यात नाही.

खरा वाद मुदतीचा. केस्तुतिस झाद्वीदास 1948 मध्ये जर्मनीतल्या विस्थापितांच्या छावणीत जन्मला. अमेरिकेने त्याला हद्दपार करायचे ठरवले, पण जर्मनी आणि लिथुआनिया दोघांनीही त्याला आपला मानले नाही. पाठवायला देशच नाही, मग किती काळ डांबायचे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सहा महिने ही वाजवी मर्यादा गृहीत धरली. त्यानंतर नजीकच्या काळात पाठवणी शक्य दिसत नसेल, तर सुटका. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 2004 मध्ये अल-कातेब खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी अमर्याद स्थानबद्धता वैध ठरवली होती. हा निर्णय उलटायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशाने परत पाठवण्यासाठीच्या स्थानबद्धतेला सहा महिने, अपवादाने एकूण 18 महिने, अशी कमाल मुदत घातली. ब्रिटनमध्ये ठरावीक मुदत नाही. तेथे 1983 च्या हरदयाल सिंग निकालातील ‘वाजवी कालावधी’चे सूत्र चालते. सूत्र लवचीक आहे, पण आत बसलेल्याला कॅलेंडरवर खूण करायला त्यात तारीख सापडत नाही.

स्थानबद्धता नेमकी कशाला म्हणायचे, हाही प्रश्न सोपा नाही. 1992 मध्ये सोमालियातून निघून सीरियामार्गे आलेल्या भावंडांना पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर 20 दिवस ठेवले गेले. जवळच्या एका हॉटेलचा काही भाग त्यासाठी सरकारने घेतला होता. ‘हवे तर दुसऱ्या देशात जा’, हा फ्रान्सचा बचाव युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1996 मध्ये फेटाळला. हंगेरीतील रोस्के येथे आश्रयार्थींना ठेवण्याच्या सीमाक्षेत्राबाबत मात्र त्याच न्यायालयाने 2019 मध्ये तेथे स्थानबद्धता नव्हती असे म्हटले, तर युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2020 मध्ये ती होती असे ठरवले. कुंपण एकच, उत्तरे दोन.

मुलांसाठी निकष कडक आहेत. बालहक्क करारानुसार त्यांना डांबणे हा अखेरचा उपाय. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क आणि स्थलांतरित कामगार समित्यांनी 2017 मध्ये पुढे जाऊन सांगितले, की स्थलांतरविषयक कारणासाठी मुलांना कधीच डांबू नये.

कारण सांगणे हीसुद्धा मर्यादाच. ब्रिटनमध्ये एका इराकी आश्रयार्थीला अर्जाच्या जलद छाननीसाठी सात दिवस केंद्रात ठेवले होते. मानवी हक्क न्यायालयाने 2008 मध्ये ते सात दिवस वैध मानले. पण खरे कारण त्याला 76 तासांनी कळवले, म्हणून ब्रिटनला दोषी धरले.