काट्यावर वाढलेलं वजन: पाणी की अंग?

डायलिसिसच्या दोन सिटिंगच्या मध्ये काट्यावर दोन किलो वाढले की घरचे खूश होतात, 'अंग धरायला लागलं' म्हणतात. दोन दिवसांत दोन किलो अंग कुणाचंच धरत नाही. ते पाणी असतं. एक लिटर साठलं की एक किलो वाढलं, सरळ हिशेब.

'मी तर पाणीच पीत नाही,' असं सांगणाऱ्याला कोल्हापुरात आधी रस्सा विचारावा. दीडशे मिलीच्या चार वाट्या तांबडा-पांढरा म्हणजे सहाशे मिली झालेच. वर त्यातलं मीठ. साधारण आठ-नऊ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी अंगात धरून ठेवतं आणि तहानही वाढवतं. मिसळीच्या कटाचंही तेच. म्हणून पाण्याआधी मीठ आवरा. दिवसभराचं पाणी सहसा आदल्या दिवसाची लघवी अधिक पाचशे मिली एवढंच. चहा, ताक, आमटी सगळं त्यात धरून.

पाण्याचं वजन मशीन काढतं, पण त्यालाही मर्यादा आहे. ताशी किलोमागे १३ मिलीच्या वर ओढू नये, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे चार तासांत जेमतेम तीन लिटर. त्याहून जास्त ओढलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात.

अंगाचं वजन आठवड्या-आठवड्यांनी सरकतं. भूक परतली, माणूस भरला, तर ड्राय वेटही, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यावरचं ठरवलेलं वजन, वाढवावं लागतं. ते जुनंच ठेवलं तर सूज नसतानाही प्रत्येक सिटिंगला गोळे येत राहतात.

उलटा प्रकार जास्त फसवा. आजारपणात अंग झडतं, त्या जागी पाणी भरतं आणि काटा तोच आकडा दाखवतो. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबा. खळगा राहिला, बीपी चढं असलं, तर ड्राय वेट कमी करायची वेळ आलीय, डॉक्टरांना सांगा. आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर पुढच्या सिटिंगची वाट न बघता दवाखाना गाठा.

वजन दर वेळी त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत करा. जाडजूड कापशी चप्पल आणि खिशातला मोबाईल बाजूला ठेवा. नाहीतर मशीन चपलेचं वजनही तुमच्या रक्तातून पाणी म्हणून काढेल.